भाभांची वीस वर्षे

१९५५ सालच्या ऑगस्टमध्ये जगभरचे अणुशास्त्रज्ञ जिनिव्हात जमले. अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची ती पहिलीच आंतरराष्ट्रीय परिषद. अध्यक्षस्थानी मुंबईचे होमी भाभा होते, पंचेचाळीस वर्षांचे. सभागृहातली चर्चा युरेनियमचा अणू फोडून वीज काढण्याची होती, कारण उघडपणे बोलता येण्याजोगे तेवढेच होते. भाभांनी मात्र अध्यक्षीय भाषणात दुसराच विषय काढला. हलके अणू एकमेकांत मिसळून सूर्य जी ऊर्जा देतो, ती माणसालाही आटोक्यात ठेवून मिळवता येईल आणि तशी पद्धत येत्या वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी केले. ती सापडली की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल, कारण त्याचे इंधन समुद्रातल्या जड हायड्रोजनइतके मुबलक आहे, असेही ते म्हणाले.

त्या वर्षी आमचे किन्हीराजा हे गाव अकोला जिल्ह्यात होते आणि अकोला जिल्हा मध्य प्रदेशात. वऱ्हाड मुंबई राज्याला जोडले जायला अजून सव्वा वर्ष होते, महाराष्ट्र राज्य पाच वर्षे दूर होते आणि वाशीम जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचे होते. देशातल्या बहुतेक खेड्यांत रात्री कंदील लागत. विजेचा दिवाच ज्यांच्या घरी आला नव्हता अशा लोकांच्या देशातून आलेला माणूस सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणण्याची मुदत सांगत होता. ते भाकीत चुकले हे आज सगळेच जाणतात. पण ते कुठे चुकले हे नीट पाहिले तर भारतातल्या एका दीर्घ आणि चिवट कामाचा इतिहास उलगडतो.

भाभांच्या भाषणाने खळबळ उडाली त्याला कारण होते. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ हे तिघेही हलके अणू मिसळण्याच्या या प्रक्रियेवर, म्हणजे संमीलनावर, आधीपासून काम करत होते आणि तिघांनीही ते गुप्त ठेवले होते. भाषणानंतर काही काळातच अमेरिकेने आपल्याकडे असा कार्यक्रम असल्याचे मान्य केले. एप्रिल १९५६ मध्ये सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह ख्रुश्चेव्ह यांच्याबरोबर ब्रिटनला गेले आणि हार्वेलच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या देशातल्या प्रयोगांवर उघड व्याख्यान दिले. शीतयुद्धाच्या भरात हे घडले. १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेपर्यंत तिन्ही देशांनी आपापली दप्तरे खुली केली होती. एका विज्ञानशाखेवरचा गुप्ततेचा पडदा सरकवण्यात भाभांचा वाटा होता, आणि माझ्या मते त्यांच्या भाकिताचे हे फळ पुरेसे सांगितले जात नाही.

आता अडचण काय होती ते पाहू. दोन केंद्रके एकत्र आणायची तर दोन्हींवर धनभार असतो, ती एकमेकांना ढकलतात. त्यांना इतक्या वेगाने धावायला लावावे लागते की ढकलाढकलीवर मात करून ती भिडतील. वेग म्हणजे तापमान. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश पुरतात, कारण तिथे सूर्याचे स्वतःचे प्रचंड वजन इंधन दाबून धरते आणि काळाचीही कमतरता नाही. पृथ्वीवर तसे वजन नाही, म्हणून आपल्याला सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, म्हणजे सुमारे पंधरा कोटी अंश लागतात. एवढ्या उष्णतेत अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा बनतो. कुठल्याही धातूच्या भांड्यात तो ठेवता येत नाही. भिंतीला शिवला की प्लाझ्मा थंड होतो आणि भिंत खराब होते.

पण प्लाझ्मातले कण विद्युतभारित असतात आणि भारित कण चुंबकीय क्षेत्राच्या रेषेभोवती गिरक्या घेत त्या रेषेच्याच बाजूने पुढे सरकतो. म्हणजे चुंबकाने त्याला हवेतल्या हवेत धरता येते. सरळ नळीत धरला तर दोन्ही टोकांनी निसटतो, म्हणून नळी वाकवून तिचे कडे करायचे. कडे केले की नवी भानगड उभी राहते: कड्याच्या आतल्या अंगाला चुंबकीय क्षेत्र तीव्र आणि बाहेरच्या अंगाला सौम्य होते, त्यामुळे कण हळूहळू वाहत जाऊन भिंतीवर आदळतात. उपाय असा, की खुद्द प्लाझ्मातूनच मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मूळ रेषांना पीळ देते आणि वाहत जाणारा कण पुन्हा आत येतो. आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर ताम या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास हे मांडले आणि मॉस्कोत त्यावर जे यंत्र झाले ते टोकामाक.

तारखा जुळवून पाहाव्यात. भाभा जिनिव्हात बोलले तेव्हा ज्या पद्धतीवर आज जगातला सर्वांत मोठा प्रयोग उभा राहतो आहे तिची मूळ कल्पना मॉस्कोत कागदावर उतरलेली होती. पद्धत सापडायची राहिली नव्हती. ती प्रत्यक्षात आणायला जी निर्वात भांडी, जे चुंबक, जे वीजपुरवठे आणि जे वेल्डिंग लागते ते करू शकणारा उद्योग जगात कुठेच तयार नव्हता. भाभा स्वतः केंब्रिजला यांत्रिक अभियांत्रिकी शिकून मग भौतिकशास्त्राकडे वळलेले. तरी हे ओझे अभियंत्यांच्या खांद्यावर किती काळ राहणार आहे याचा अंदाज त्यांनाही आला नाही, आणि त्या काळात तो कोणालाच आला नव्हता.

टोकामाकवर जगाचा विश्वास बसायला १९६८ उजाडले. नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी टी-३ या यंत्राचे आकडे सांगितले, ते पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना खरे वाटेनात. दुसऱ्या वर्षी ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेतले संशोधक आपली लेझर मापनयंत्रे घेऊन मॉस्कोला गेले आणि स्वतः मोजून आले. तापमान खरोखरच एक कोटी अंशांच्या घरात होते. त्यानंतर जिथे तिथे टोकामाक बांधायला सुरुवात झाली. भाभा हे बघायला नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात ते गेले. त्यांच्या वीस वर्षांची मुदत १९७५ मध्ये सरली, तेव्हा भारतात एकही टोकामाक नव्हता.

त्याच १९७५ मध्ये प्रेधिमन कृष्ण कौ नावाचा तरुण अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा सोडून दुसऱ्यांदा अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. कौ श्रीनगरचे. वयाच्या अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. प्लाझ्माच्या सिद्धान्तात त्यांचे नाव जगभर झाले होते आणि प्रिन्स्टनला त्यांचे सगळे छान चालले होते. ते १९८२ मध्ये परत आले, कारण केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने अहमदाबादला प्लाझ्मा भौतिकीचा कार्यक्रम मंजूर केला होता आणि त्यात टोकामाक बांधायचा होता. दोन वर्षांनी हा गट गांधीनगरजवळच्या भाट गावी साबरमतीच्या काठाला हलला आणि १९८६ मध्ये त्याची प्लाझ्मा संशोधन संस्था झाली. कौ तिचे पहिले संचालक. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने याच सुमारास जपानच्या तोशिबा कंपनीकडून तयार टोकामाक घेतला. भाटच्या मंडळींनी ठरवले, की आपला आपणच बांधायचा.

हा निर्णय सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाने घेतला याचे मला फार मोल वाटते. विकत आणलेल्या यंत्रावर शोधनिबंध लवकर लिहून होतात. पण यंत्र कुठे गळते, कुठली गुंडाळी तापते, कुठल्या जोडात दोष आहे, हे ज्याने ते बांधले त्यालाच कळते. आणि पुढचे मोठे यंत्रही त्यालाच बांधता येते.

त्या यंत्राचे नाव आदित्य. त्यातले प्लाझ्माचे कडे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबच्या घाटाचे: मध्यापासून कड्याच्या मध्यरेषेपर्यंत ७५ सेंटिमीटर, कड्याची स्वतःची त्रिज्या २५ सेंटिमीटर. भोवती सारख्या अंतरावर तांब्याच्या २० मोठ्या चुंबकीय गुंडाळ्या. भांड्यातली हवा इतकी काढून टाकायची की वातावरणाच्या दाबाचा अब्जावा अंशही उरता कामा नये, कारण हवेतले ऑक्सिजन-कार्बनचे चार कण जरी प्लाझ्मात शिरले तरी ते प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा उधळून त्याला थंड करतात. मग हायड्रोजन सोडायचा, एका क्षणात चुंबकांना प्रचंड वीज द्यायची, प्लाझ्मातून प्रवाह खेळवायचा आणि तो तुटायच्या आत सगळी मोजमापे टिपायची. सप्टेंबर १९८९ मध्ये आदित्यमध्ये पहिला प्लाझ्मा पेटला. पुढे यंत्र स्थिरावल्यावर ८० ते १०० हजार अँपिअरचा प्रवाह सुमारे १०० मिलिसेकंद टिकू लागला. सेकंदाचा दहावा भाग. बाहेरच्याला हे अगदीच थोडे वाटेल. पण प्लाझ्मातल्या लाटा आणि भोवरे सेकंदाच्या लाखाव्या भागात घडत असतात, त्यांचा अभ्यास करणाऱ्याला एवढ्या वेळात भरपूर काही दिसते.

आणि दिसलेही. चुंबकाच्या पकडीतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो तो हिशेबापेक्षा कितीतरी जास्त, हे जगभरच्या टोकामाकांचे दुखणे होते. आदित्यच्या गटाने प्लाझ्माच्या कडेला बारीक शोधक ठेवून मोजले तेव्हा आढळले, की तिथली खळबळ एकसारखी नसते. मधे शांतता, मग अचानक उसळी, पुन्हा शांतता, असा तिचा स्वभाव असतो. रत्नेश्वर झा, कौ, मट्टू, राव, सक्सेना आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९९२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. प्लाझ्माच्या काठावरून पदार्थ अशा उसळ्यांनी बाहेर फेकला जातो हा विषय पुढे मोठ्या यंत्रांवरही अभ्यासला गेला. सेकंदाचा दहावा भाग चालणाऱ्या छोट्या यंत्राने हे दाखवले.

पुढच्या यंत्राची कथा कष्टाची आहे. तांब्याच्या गुंडाळ्या तापतात, म्हणून आदित्यसारखे यंत्र फार वेळ चालवता येत नाही. वीजकेंद्र तर महिनोन्महिने चालले पाहिजे. त्यासाठी अतिसंवाहक चुंबक हवेत. नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केली की तिच्यातून वीज रोधाशिवाय वाहते. १९९४ च्या सुमारास अशा चुंबकांच्या टोकामाकचे काम भाटला सुरू झाले, नाव एसएसटी-१. उद्दिष्ट ठेवले होते १००० सेकंदांच्या प्लाझ्माचे. म्हणजे एका बाजूला कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा आणि त्यापासून हातभर अंतरावर विश्वातल्या अतिथंड जागांच्या जवळपास जाणारा चुंबक. अशा यंत्रात प्रत्येक जोड ही कसोटी असते. खोलीच्या तापमानाला घट्ट बसलेली नळी उणे दोनशे अंशांना आकसते आणि केसाएवढी फट पडते. तेवढ्या फटीतून हेलियम निर्वातात शिरला की सगळे थांबते. २००५-०६ मध्ये यंत्र थंड करायला घेतले तेव्हा नेमके हेच झाले, गळती सुरू झाली.

त्यानंतर भाटच्या अभियंत्यांनी जे केले ते धीराचे काम होते. बांधलेले यंत्र त्यांनी पुन्हा उकलले. सोळाही मुख्य चुंबक एकेक करून वेगळ्या थंड कक्षात तपासले, तारांचे जोड नव्याने केले, उष्णता अडवणारी आवरणे बदलली. जून २०१३ मध्ये एसएसटी-१ मध्ये पहिला प्लाझ्मा उमटला. हजार सेकंदांपासून तो फार दूर होता आणि अजूनही दूर आहे. पण अतिसंवाहक टोकामाक बांधून चालवणारे देश जगात मोजकेच आहेत आणि त्यांत भारत त्या दिवशी गेला. दरम्यान मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लाझ्मा संस्थेच्या साथीने ३० हजार अँपिअर वाहून नेणारी अतिसंवाहक केबल देशात विकसित केली.

ट्रॉम्बेचा धागा इथे दुसऱ्या एका माणसामुळे अधिक घट्ट झाला. अनिल काकोडकर यांचे घराणे गोव्याचे, आईवडील दोघेही गोवा मुक्तिलढ्यातले. काकोडकर मध्य प्रदेशातल्या बडवाणी-खरगोणला वाढलेले, पुढे मुंबईत रुपारेलला शिकून आणि व्हीजेटीआयमधून यांत्रिक अभियंता होऊन १९६४ मध्ये ट्रॉम्बेत दाखल झाले. ध्रुव अणुभट्टीच्या बांधणीत त्यांचा मोठा वाटा. २००० ते २००९ या काळात ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आणि आयटरचा प्रश्न नेमका त्यांच्याच कारकिर्दीत आला. आयटर म्हणजे दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे युरोप, अमेरिका, रशिया, जपान, चीन आणि कोरिया मिळून बांधायला घेतलेला महाटोकामाक. १९८५ मध्ये रीगन आणि गोर्बाचेव्ह जिनिव्हातच भेटले तेव्हा त्याची बोलणी सुरू झाली होती. आत घातलेल्या ५० मेगावॉट उष्णतेच्या बदल्यात ५०० मेगावॉट मिळवून दाखवायचे, हे त्याचे ध्येय.

डिसेंबर २००५ मध्ये भारताला सातवा भागीदार म्हणून प्रवेश मिळाला आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसच्या एलिझे राजवाड्यात झालेल्या करारावर भारताच्या वतीने काकोडकरांनी सही केली. अटी नीट वाचल्या तर सौदा चांगला होता. खर्चाचा सुमारे अकरावा हिस्सा भारताने उचलायचा, तोही बहुतांशी रोखीने नव्हे तर यंत्रभाग बनवून द्यायचे, आणि तयार होणारे ज्ञान मात्र सर्वांना पूर्ण खुले. पैसा आपल्याच कारखान्यांत खर्च होणार आणि कसब आपल्याच हातांत राहणार. आदित्य आणि एसएसटी-१ बांधलेले नसते तर या टेबलाशी भारताला खुर्ची मिळाली असती असे मला वाटत नाही. आयटर-इंडियाचे काम भाटच्याच संस्थेकडे आले आणि शिशिर देशपांडे यांनी अनेक वर्षे प्रकल्प संचालक म्हणून ते सांभाळले.

भारताच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा नग म्हणजे क्रायोस्टॅट. संपूर्ण टोकामाक ज्याच्या पोटात बसतो ते पोलादी निर्वात भांडे. उंची आणि व्यास दोन्ही तीस मीटरच्या आसपास, वजन ३८५० टन, आतली जागा १६ हजार घनमीटर. जगात एवढे मोठे पोलादी निर्वात भांडे आधी कोणी केले नव्हते. कंत्राट २०१२ मध्ये लार्सन अँड टुब्रोला मिळाले, म्हणजे १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत सुरू केलेल्या कंपनीला. सुरतजवळच्या हजिऱ्याच्या कारखान्यात त्याचे ५४ तुकडे घडले, जहाजाने फ्रान्सला गेले, बंदरापासून कादाराशपर्यंत १०४ किलोमीटरच्या खास रस्त्याने ओढून नेले आणि तिथे उभारलेल्या कार्यशाळेत जोडले गेले. वेल्डिंग करताना पोलाद तापते, आकसते, वाकते. तीस मीटरच्या व्यासात ते काही मिलिमीटरपेक्षा जास्त वाकू द्यायचे नाही, आणि सांध्यातून हवेचा कणही आत येऊ द्यायचा नाही. मे २०२० मध्ये, सगळे जग घरात कोंडलेले असताना, १२५० टनांचा तळाचा भाग क्रेनने उचलून खड्ड्यात बसवला गेला. आयटरमध्ये जागेवर बसलेला तो पहिला अवजड भाग. तो भारतात बनलेला होता, हे मी अभिमानाने लिहितो.

मी हे किन्हीराजाकडचा माणूस म्हणून लिहितो आहे. संभाजीनगर-नागपूर रस्त्यावरचे हे गाव, मालेगाव तालुक्यातले. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या पाळीची वीज आली की थंडीत बॅटरी घेऊन शेतात जाणारी माणसे इथली. आमच्या तारांतून येणारी वीज मुख्यतः कोळशाची, शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला त्याचेच केंद्र आहे. संमीलनाचे इंधन मात्र इथल्या कुठल्याही विहिरीत आहे. एक घनमीटर पाण्यात तीसेक ग्रॅम ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असते, आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे एक ग्रॅम मिश्रण पूर्ण जळाले तर किमान दहा टन कोळशाची उष्णता मिळते. जड पाणी तयार करण्याच्या कामात भारत आज जगात पुढे आहे. अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना १९८७ पासून चालतो. तेव्हा भाभांचे इंधनाबद्दलचे म्हणणे अर्धे तरी पूर्ण बरोबर होते.

उरलेले अर्धे म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचे आणखी जड रूप. ते निसर्गात जवळपास नाहीच, साडेबारा वर्षांच्या आत अर्धे नाहीसे होते. ते भट्टीतच पिकवावे लागते: संमीलनातून सुटलेला न्यूट्रॉन भोवतीच्या आवरणातल्या लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होते. आवरणाने तीन कामे एकदम करायची, उष्णता गोळा करायची, चुंबकांना न्यूट्रॉनपासून वाचवायचे आणि जळले त्याहून थोडे जास्त ट्रिटियम परत द्यायचे. असे आवरण आजवर कोणत्याही देशाने प्रत्यक्ष चालवून दाखवलेले नाही. ब्रिटनमधल्या जेट या यंत्राने २०२३ च्या अखेरीस बंद होण्यापूर्वी एका खेपेत ६९ मेगाज्यूल ऊर्जा देऊन विक्रम केला, पण तिथेही ट्रिटियम बाहेरून आणून घातले होते.

आयटरही लांबले आहे. निर्वात पात्राच्या भागांत मापाचे दोष निघाले, उष्णतारोधक आवरणाच्या नळ्यांना तडे गेले, दुरुस्तीत वर्षे गेली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचा पूर्ण प्रयोग २०३९ मध्ये होईल. एसएसटी-१ च्या गळतीशी झुंजलेल्यांना या बातमीचा धक्का बसला नसेल. आदित्यचे चौकोनी छेदाचे जुने भांडे काढून गोल छेदाचे नवे बसवले गेले, डिसेंबर २०१६ मध्ये त्यात पुन्हा प्लाझ्मा पेटला आणि त्याच्यावर प्रयोग चालू आहेत. कौ पुढच्याच वर्षी, १८ जून २०१७ रोजी गेले. भाटच्या प्रयोगशाळेत आणि ट्रॉम्बेत आता वितळलेल्या शिसे-लिथियमवर आणि लिथियमच्या चिनीमातीसारख्या गोळ्यांवर काम होते आहे. भारताने आवरणाचा जो स्वतःचा नमुना आखला आहे त्यात हे दोन्ही एकत्र येतात. वितळलेला धातू तीव्र चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागला की क्षेत्र त्याला मागे खेचते, पंपावरचा भार वाढतो आणि नळीच्या आतल्या पोलादाची झीज होते. ती झीज कोणत्या लेपाने थांबेल, हा प्रश्न सध्या तिथल्या अभियंत्यांसमोर आहे.